कॅन्सर आईकडून मुलीकडे येतो का? हा प्रश्न घेऊन उंदरांच्या पिंजऱ्यापासून आदिवासी पाड्यांपर्यंत गेलेल्या कमल रणदिवे

आसनगाव स्टेशनवरून पहाटेची लोकल पकडणाऱ्यांमध्ये काही जण हातात रिपोर्टांची पिशवी घेऊन बसलेले असतात. शहापूर तालुक्यातल्या गावांसाठी मुंबई गाठायची ती सोय. मुरबाडला रेल्वेच नाही, त्यामुळे तिकडच्या लोकांना आधी एसटीने कल्याण आणि मग लोकल. कुठे निघालात, असं विचारलं तर उत्तर एकाच शब्दात मिळतं. टाटा.

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या बाईला डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात. घरात आणखी कुणाला होता का? आई, बहीण, मावशी, आत्या, आजी?

बऱ्याच जणींना वाटतं, फॉर्म भरायचा म्हणून विचारत असतील. पण तसं नाही. या एका उत्तरावरून पुढे रक्ताची तपासणी होऊ शकते आणि त्या तपासणीवरून कोणतं औषध चालेल हेसुद्धा ठरू शकतं. कारण आज असं औषध आहे जे कॅन्सरच्या पेशीतला नेमका जन्मजात दोष हेरतं आणि त्याच दोषाचा फायदा घेऊन तिला मारतं. शेजारच्या निरोगी पेशी मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतात.

हे औषध परदेशात तयार झालं. पण कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचं नातं काय, हा प्रश्न घेऊन याच परळमध्ये एक मराठी बाई अनेक दशकं राबत होत्या. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे.

सीताफळापासून सुरुवात

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थांच्या घरी कमल यांचा जन्म झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलींनी शिकलं पाहिजे असं मानणारं घर होतं. कमल हुजूरपागेत शिकल्या, अभ्यासात हुशार निघाल्या.

वडिलांची इच्छा होती की मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. या दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत. कमल यांनी फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. १९३९ साली लग्न केलं ते जे. टी. रणदिवे यांच्याशी, जे गणितज्ञ होते. पुढच्या शिक्षणात नवऱ्याने त्यांना साथ दिली. लग्न झालं की मुलीचं शिक्षण संपलं, असा तो काळ होता. कमल यांचं शिक्षण लग्नानंतर जास्त झालं.

१९४३ साली त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी केलं. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. आई-वडिलांचे गुण पुढच्या पिढीत नेणारे हे पेशीतले धागे. सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजायचे, त्यांची रचना पाहायची, कुठे काय बिघडलंय ते शोधायचं.

कॅन्सर आणि सीताफळाचा काय संबंध, असं वाटेल. पण कॅन्सर हा शेवटी पेशीतल्या याच सामग्रीचा आजार आहे. त्यात बिघाड झाला की पेशीला थांबायचं कधी हे कळेनासं होतं आणि ती वाढतच राहते. गुणसूत्रं पाहायची नजर कमल यांना आधीच मिळाली होती. ती माणसाच्या आजाराकडे वळायची तेवढी बाकी होती.

परळचा पत्ता

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. भारतातल्या रोगनिदानशास्त्राचा पाया घालणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. कॅन्सरवर नुसते उपचार करून भागणार नाही, तो का होतो हेही इथेच शोधलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. कमल रणदिवे त्यांच्या हाताखाली आल्या आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली.

खानोलकरांनी त्यांना अमेरिकेला जाऊन शिकून यायला सांगितलं. फेलोशिप मिळाली आणि त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

ही साधीसुधी जागा नव्हती. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात मानवी पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या, या कामात गाय यांनी आयुष्य घातलं होतं. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी न थांबता वाढू लागल्या. त्याच जगप्रसिद्ध हेला पेशी. त्या घेताना लॅक्स यांना विचारलंही गेलं नव्हतं आणि त्याबद्दलचा वाद पुढे अनेक दशकं चालला.

पेशी भांड्यात वाढवता आल्या की काय होतं? रुग्णावर धोका न पत्करता प्रयोग करता येतात. हे औषध घातलं तर काय, ते काढून घेतलं तर काय, हे पाहता येतं. कॅन्सरचं जवळजवळ प्रत्येक नवं औषध आज या भांड्यातून पुढे येतं.

हे तंत्र शिकून कमल रणदिवे भारतात परतल्या. १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं होतं. तिथे त्यांनी टिश्यू कल्चरची, म्हणजे पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. पेशींना जगायला खास द्रावण लागतं. त्यात जरा इकडचं तिकडं झालं किंवा एखादा जंतू शिरला तरी सगळं फुकट. ही द्रावणं आणि रसायनं १९६० च्या दशकात त्यांच्या गटाने इथेच तयार केली. त्यासाठी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेली तरुण मंडळी त्यांनी हाताशी घेतली.

आईचं दूध, उंदीर आणि एक कोडं

त्यांचा मुख्य विषय होता स्तनाचा कॅन्सर. तो समजून घ्यायचा तर उंदरांपाशी जावं लागतं.

प्रयोगशाळेत उंदरांचे खास वाण तयार करतात. सख्ख्या भावंडांचं मीलन किमान २० पिढ्या करत गेलं की त्या वाणातले सगळे उंदीर जवळपास एकसारखे होतात. मग लक्षात येतं की काही वाणांतल्या माद्यांना स्तनाचा कॅन्सर हमखास होतो आणि काहींना क्वचितच होतो. म्हणजे दोष रक्तातच आहे, असं वाटणं साहजिक होतं.

पण १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक गंमत दाखवली. कॅन्सर होणाऱ्या वाणाची पिल्लं जन्मल्याबरोबर उचलून त्यांनी कॅन्सर न होणाऱ्या वाणाच्या मादीकडे दूध प्यायला दिली. मोठेपणी त्या पिल्लांमधलं कॅन्सरचं प्रमाण खूप कमी झालं. दुधातून काहीतरी जात होतं. पुढे कळलं की तो विषाणू होता.

मग खरं कारण कोणतं? आनुवंशिकता, विषाणू की हार्मोन? कमल रणदिवे यांचं काम नेमकं या तिघांच्या गाठीवर होतं. वेगवेगळ्या वाणांचे उंदीर घ्यायचे, त्यांच्या ग्रंथी, हार्मोन आणि विषाणू तपासायचे आणि कुणाचा वाटा किती हे उलगडायचं. त्यांच्या संस्थेत तयार झालेला, स्तनाचा कॅन्सर होणारा उंदरांचा एक वाण तर आयसीआरसी याच नावाने ओळखला गेला. रक्ताचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर कसा होतो, यावरही त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांमधून काम केलं.

एक गोष्ट इथे स्पष्ट केलेली बरी. उंदरांमधली ही दुधाची गोष्ट माणसांना लागू होत नाही. आईच्या दुधातून बाळाला कॅन्सर होत नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमीच होतो.

दुसरी गोष्ट. कमल रणदिवे यांच्याबद्दल लिहिताना बऱ्याचदा स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध जगात पहिल्यांदा त्यांनीच लावला असं सांगितलं जातं. ते तसं नाही. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका या सर्जनने १८६६ सालीच आपल्या बायकोच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या कॅन्सरची नोंद केली होती. रणदिवे यांचं मोठेपण वेगळं आहे. भारतात हा प्रश्न प्रयोगाच्या टेबलावर सुरुवातीला आणणाऱ्यांमध्ये त्या होत्या. शिवाय एकच कारण धरून न बसता आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू या तिन्हींचा एकत्र विचार त्यांनी केला.

याच काळात कुष्ठरोगावरही काम झालं. १९५८ साली खानोलकर, रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या गाठींमधून एक जंतू वेगळा करून वाढवला. पुढे त्याच जंतूपासून कुष्ठरोगावरची लस तयार करण्यात आली. १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या संचालकपदाची धुरा त्यांनी सांभाळली. २०० हून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

माळशेज बंद पडला तर?

आता त्या औषधाकडे येऊ. ज्या कल्पनेवर ते उभं आहे तिला सिंथेटिक लीथॅलिटी म्हणतात. मराठीत संयुक्त मारकता म्हणता येईल. नाव अवघड आहे, गोष्ट मुरबाडकरांना लगेच कळेल अशी आहे.

ओतूर, आळेफाट्याकडचा भाजीपाला माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणच्या बाजारात येतो. पावसाळ्यात माळशेजला दरड कोसळली की गाड्या लांबच्या वाटेने, शहापूरच्या कसारा घाटातून वळवाव्या लागतात. वेळ जातो, डिझेल जातं, पण माल पोचतो. एकटा कसारा बंद झाला तरी माळशेज आहेच. पण समजा, पोचायच्या वाटा या दोनच असत्या आणि दोन्ही एकाच दिवशी बंद झाल्या असत्या तर? माल पोचलाच नसता.

पेशीतही असंच असतं. दोन जनुकं एकमेकांना पर्याय असतात. एक बिघडलं तरी पेशी जगते, दुसरं बिघडलं तरी जगते. दोन्ही एकदम बिघडली तर मरते. १९२२ साली कॅल्विन ब्रिजेस यांना फळमाश्यांमध्ये असा प्रकार दिसला. १९४६ साली थिओडोसियस डॉबझान्स्की यांनी त्याला हे नाव दिलं. तेव्हा कॅन्सरचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता.

तो आला १९९७ साली. लेलंड हार्टवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं, कॅन्सरच्या पेशीत एक वाट आधीच बंद पडलेली असते. मग आपण औषधाने फक्त दुसरी बंद करायची. निरोगी पेशीची पहिली वाट चालू असल्यामुळे ती वाचेल, कॅन्सरची पेशी मरेल.

पण कोणती वाट? तीन वर्षं आधी, १९९४ साली बीआरसीए-१ हे जनुक हाती लागलं होतं. १९९५ साली बीआरसीए-२ सापडलं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते नीट सांधायचं काम या जनुकांमुळे होतं. ज्या बाईला यातलं एक जनुक बिघडलेलं मिळतं, तिला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. तिच्या निरोगी पेशींमध्ये एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असते, म्हणून काम चालतं. गाठीतल्या पेशीने ती चांगली प्रतही गमावलेली असते. म्हणजे घाट बंद.

डीएनएच्या एकाच धाग्याला पडलेल्या छोट्या चिरा बुजवायला पार्प नावाचं प्रथिन मदत करतं. औषधाने त्याला अडवलं की चिरा तशाच राहतात आणि पेशी दुभंगायच्या वेळी त्यांचे मोठे तुकडे पडतात. निरोगी पेशी बीआरसीएच्या मदतीने ते सांधते. कॅन्सरच्या पेशीकडे ती सोयच नसते. २००५ साली ब्रिटनमधल्या दोन गटांनी हे एकाच वेळी दाखवून दिलं. सुरुवात कुठे झाली, तर भांड्यात वाढवलेल्या पेशींमध्ये.

ओलापरिब हे अशा प्रकारचं पहिलं औषध. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत ते अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, जानेवारी २०१८ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी. आज भारतातही ते मिळतं.

हे रामबाण नाही. रक्त कमी होणं, थकवा, मळमळ असे त्रास होतात. काही गाठी पुन्हा दुरुस्ती करायला शिकतात आणि मग औषध लागू पडत नाही. शिवाय स्तनाच्या १०० कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० च आनुवंशिक असतात. म्हणजे हे औषध कुणाला द्यायचं हे कळण्यासाठी आधी तपासणी हवी, आणि तपासणीसाठी आधी ती बाई हॉस्पिटलपर्यंत पोचायला हवी.

कमल रणदिवे यांनी सिंथेटिक लीथॅलिटीवर काम केलं नव्हतं. बीआरसीए सापडलं तेव्हा त्या निवृत्त होत्या, सत्तरी ओलांडलेल्या होत्या. पण बाई पोचायला हवी, हे गणित त्यांनी तोवर स्वतःच्या पायाने चालून पाहिलं होतं.

घाटाच्या पलीकडे

शहापूर तालुक्यात डेहण्याजवळ उभं राहिलं की समोर आजोबाचा डोंगर दिसतो. कडा चढून वर गेलं की अकोले तालुका लागतो. मुरबाडच्या बेलपाड्यातून वर पाहिलं तर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा दिसतो, त्याच्या माथ्यावरही अकोलेच. जिल्हा बदलतो, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर. माणसं बदलत नाहीत. खाली महादेव कोळी आणि ठाकर, वरही महादेव कोळी आणि ठाकर. सोयरिकी आहेत, पायवाटा आहेत, भात लावणीचे दिवसही तेच.

निवृत्तीनंतर रणदिवे यांनी हा अकोले तालुका निवडला. राजूरची सत्यनिकेतन संस्था तिथे काम करत होती. तिच्या सोबतीने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. आयुष्य वातानुकूलित प्रयोगशाळेत आणि उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी गेलेल्या बाई आता पोरांची वजनं पाहत होत्या. राजूरच्या आसपासच्या गावांतल्या बायकांना आरोग्य आणि उपचारांबद्दल मार्गदर्शन करत होत्या.

या कामाला आधार होता तो त्यांनीच उभ्या केलेल्या एका संघटनेचा. १९७३ साली त्यांनी ११ सहकाऱ्यांना घेऊन इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली होती. विज्ञान शिकलेल्या बायकांनी नोकरी सोडून घरी बसू नये आणि विज्ञान प्रयोगशाळेतच अडकून पडू नये, असे त्यामागचे दोन हेतू होते. राजूरच्या परिसरातले आरोग्याचे सरकारी प्रकल्प याच संघटनेमार्फत चालले.

उतरत्या वयात एवढा मोठा वळसा का? कारण कॅन्सरची कारणं शोधणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. उशिरा आलेल्या रुग्णापुढे सगळं संशोधन थिटं पडतं. ज्या गावात बाई आपलं दुखणं कुणाला सांगत नाही, सांगितलं तर दवाखाना लांब असतो आणि दवाखाना गाठला तर रोज बुडतो, त्या गावापर्यंत औषध आपोआप जात नाही. तिथे आधी ओळखीची, विश्वासाची बाई लागते.

त्यांच्यानंतर या विचाराला मोठा आधार मिळाला. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक बायकांवर २० वर्षं एक अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करून घेतली. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडल्या आणि ५० वर्षांच्या आणि त्यापुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. यात मशीन नव्हतं, फक्त शिकवलेले हात होते.

कमल रणदिवे २००१ साली गेल्या. ८ नोव्हेंबर २०२१ ला, त्यांच्या १०४ व्या जयंतीला, गुगलने डूडल केलं आणि अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

त्यांच्या नावाचं कोणतंही औषध बाजारात नाही. पण आसनगावच्या लोकलमधून टाटाला निघालेल्या बाईला आज जो प्रश्न विचारला जातो, त्याच प्रश्नामागे त्या आयुष्यभर होत्या. त्यामुळे तो विचारला गेला की उत्तर आठवून, नीट द्या. आईकडचं सांगा आणि वडिलांकडचंही सांगा, कारण हा दोष बापाकडूनही येतो. आत्या, चुलत आजी, कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. एका बाईच्या रक्तात बीआरसीएचा दोष सापडला तर तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि मुलात तो असण्याची शक्यता सहसा निम्मी असते. त्यांना गाठ येण्याआधीच सावध होता येतं.

आणि घरात कुणालाच कॅन्सर नव्हता म्हणून निर्धास्त राहू नका. १०० पैकी ९० हून जास्त जणींच्या बाबतीत तो आनुवंशिक नसतोच. तिशी ओलांडली असेल तर जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीबद्दल विचारा. गावातली आशाताई त्यासाठीच आहे.